दोघांची लस

गोट्याच्या बाबा,

मी लवकर कामावर निघाले. शाळा सुरू व्हायच्या आत गोट्याला लस द्यायची आहे, आज तूच घेऊन जा. अर्ध्या बाहीचा शर्ट खुर्चीवर काढून ठेवलाय. दुखणार नाही, असं काही सांगू नकोस. त्याला सगळं कळतं.

काल दवाखान्यातून फोन आला. नर्सताईंनी विचारलं, "जुळ्यांना सोबतच आणणार ना?" मी सवयीने "हो, दोघांनाही" म्हणून बसले. त्या दोन लसी काढून ठेवतील. आपली ठमी आता नाही, हे त्यांना तूच सांग. माझी जीभ रेटत नाही.

दर वेळी ठमी आधी टोचून घ्यायची, मग हा हात पुढे करायचा. आज त्याला घाई करू नकोस. तो जरा वेळ थांबेल.