न फुटणारी बॅटरी

४ मार्च, सोमवार

पहिली बॅटरी मेली. दुकानाच्या पायरीवरून खाली सोडली, अंड्यासारखी फुटली. सेल गटारात.

दुकानदार म्हणाला, "आजी, बॅटरी पेटवून बघतात, आपटून नाही."

म्हटलं, "डब्यावर 'अतूट' छापलंय. एकेक अक्षर लावून वाचलंय मी. आता का घाबरतोस?"

त्याने दुसरी काढून दिली.

फौजी वीस तारखेला सुट्टीवर येतोय. फौजी म्हणजे नातू, लेकीचा एकुलता. मागे फोनवर सांगत होता — गस्तीवर बॅटरी हातातून पडली, विझली, पुढचा गडी खड्ड्यात गेला. पाय मोडला. "आजी, तीस वर्षं भंगारात हातोडा चालवलास. काय फुटतं काय नाही, ते तुझ्याइतकं कुणाला कळतं? मला न फुटणारी शोधून ठेव."

खरं आहे. पंखे, पंपाच्या मोटारी, पाण्याचे मीटर फोडून तांबं वेगळं, पितळ वेगळं, लोखंड वेगळं करायचं. हाच माझा धंदा. वस्तू कुठे मार खाईल ते ती आवाजानेच सांगते. माणसांचंही तसंच, पण माणसं आवाज दाबतात.

६ मार्च, बुधवार

दुसरी बादलीत बुडवली. तासाने काढली तर काचेआड पाणी. मासे सोडले असते तर जगले असते.

आज जावयाने लेकीला भिंतीवर आपटलं. कारण विचारायची सोय नाही. भाजीत मीठ, शर्टाला सुरकुती, काहीही चालतं. पीत नाही हो. तोंडाला वास नाही, हातालाच खाज. खोली माझी, खातो माझ्या घरात, आणि मारतो माझ्या पोरीला. दोनदा हाकलला. दोनदा लेकीनेच दार उघडलं.

मधे पडले तर मलाही कोपर बसलं. बसू दे. हाड जुनं आहे, वाजतं कमी.

७ मार्च

लेकीच्या दंडावर वळ आहे. वीसपर्यंत जाईल. जायलाच हवा.

९ मार्च, शनिवार

आज लिहून ठेवते, म्हणजे डोक्यात फिरणार नाही.

मागच्या सुट्टीत फौजीने बापाचा गळा धरला होता. याच खोलीत, कपाटाला टेकवून. जावयाचे डोळे बाहेर आले होते. मी फौजीच्या हाताला चावले तेव्हा सुटला. रक्त आलं पोराचं. जाताना म्हणाला, "आजी, पुढच्या खेपेला आईच्या अंगावर एक जरी डाग दिसला, तर मला चावू नकोस. उपयोग होणार नाही."

मारायला शिकवतात त्याला तिथे, पगार देऊन. तो बोलला म्हणजे करणार. बाप मेला तर मी काही ऊर बडवून रडणार नाही. पण पोरगं जन्मभर तुरुंगात जाईल, त्या किड्यापायी.

म्हणून वीसपर्यंत लेकीच्या अंगावर डाग नको. एवढंच काम आहे मला. हे आणि बॅटरी.

१० मार्च, रविवार

सापडली!

दुकानदाराने कुठूनतरी तळातून काढली. जाड, काळी, पोलादी. वजन माझ्या जुन्या हातोडीएवढं. कानाशी हलवली, सेल वाजत नाहीत. अंधारात खुळखुळा घेऊन कोण चालतो? बटण मोठं, हातमोज्यातूनही लागेल. दुकानदार म्हणे, "प्रकाश बघा किती लांब जातो." म्हटलं, "नातवाला लांबचं दिसू दे, पण तो लांबून दिसायला नको." मग त्याने लाल काच काढून दिली, वर चढवायची. शहाणा झालाय माझ्यामुळे.

काचेभोवतीच्या कडेला दाते आहेत, करवतीसारखे. उपडी ठेवली तरी दात्यांमधून उजेड सांडतो, चालू राहिल्याचं कळतं. एरवी सेल फुकट जळतात.

पायरीवर सात वेळा आपटली. बादलीत बुडवली. दुकानदाराच्या टेम्पोखाली घातली. पेटतेच! दुकानदार म्हणाला, "आजी, हिच्याने माणूस मरेल, ही मरायची नाही."

फौजीला फोन लावला. दात्यांचंसुद्धा सांगितलं, फुशारकीने. हसला. "आल्या आल्या आधी तीच बघणार."

१३ मार्च, बुधवार

लेकीला माझ्याजवळ झोपवते. ती स्वयंपाक करते तेव्हा मी दारात बसते. जावई म्हणतो, "सासूबाई, पहारा का?" म्हटलं, "नातू करतो तिकडे, मी करते इकडे."

बॅटरी बघून म्हणाला, "पोराला बॅटऱ्या. आणि बापाला?" म्हटलं, "बापाला उजेड नको. तोंड दिसेल."

बोलायला नको होतं. माझी जीभ मलाच कधी विचारत नाही.

१६ मार्च, शनिवार

पाण्याला गेले. खाली नळावर. दोन हंडे, जास्त नाही.

वर आले तर लेक ओट्याखाली. उजवा हात वाकडा, जिथे वाकायला नको तिथे. कपाळावरून रक्त डोळ्यात. बॅटरी जमिनीवर लोळत होती, पेटलेली. जावई चप्पल घालत होता. "आता दिसलं का तोंड?" असं म्हणून जिना उतरला.

म्हणजे माझंच बोलणं तिच्या अंगावर उतरलं.

दवाखान्यात लेक म्हणाली, जिन्यावरून पडले. डॉक्टरीणबाईंनी कपाळ पुसलं. भुवईच्या वर अर्धं वर्तुळ उमटलंय, पाच दात स्पष्ट. बाई म्हणाल्या, "कुठला जिना हा, चावरा?"

हाताला प्लास्टर. टाके चार.

बॅटरी धुतली. ओरखडाही नाही.

१७ मार्च

हात जिन्यावर ढकलता येईल. कपाळ नाही. फौजी येणार, आधी बॅटरी मागणार, दाते बघणार, मग आईचं कपाळ बघणार. तिसरं काही बघायला थांबणार नाही.

हरवली म्हणावी? विश्वास बसायचा नाही. माझ्या हातून कधी खिळा हरवला नाही. पण फुटली म्हटलं तर पटेल. आधीच्या दोन फुटल्याच की. निदान दाते तरी सपाट व्हायला हवेत.

१८ मार्च, सोमवार

हातोडा काढला. कपाटाखाली होता, मोठा, मोटारी फोडायचा. खाली जिन्याच्या दगडावर बॅटरी ठेवली.

पहिला घाव — हातोडाच उडाला. दुसरा तिरका बसला. तिसऱ्याला खांद्यात असं काही तुटलं की डोळ्यांपुढे काजवे. हातोडा पायाशी पडला. उचलायला गेले, बोटं मिटेनात. तीस वर्षं लोकांच्या मोटारी फोडल्या आणि स्वतः आणलेली एवढीशी वस्तू फुटेना. एक दाता जरासा वाकला. बस.

जावई वरून बघत होता. खाली आला. "दमलीस म्हातारे? ठेव. पोराला मीच देतो ती. कशाला वापरली तेही सांगतो. बघू काय करतो."

त्याला हवंच आहे ते. पोराने हात उचलावा, मग पोलिसात जायचं, पोराची नोकरी घालवायची. माझ्या बिनपगारी डोक्यात हे आधी कसं नाही आलं!

लेक जिन्यात उभी होती. हात गळ्यात. सगळं ऐकलं तिने.

१९ मार्च, मंगळवार

आज सकाळी साडेनऊ वाजता मी जिन्याच्या दगडावर हातोड्याने बॅटरी फोडत होते. जावई आला. बॅटरी घ्यायला त्याने उजवा हात घातला. मी हातोडा त्याच्या हातावर मारला. तो खाली बसला. मी दुसरा घाव गुडघ्यावर मारला. मग थांबले. मी रागात होते. तिथे दुसरं कोणी नव्हतं. माझी लेक वर झोपली होती.

तो जिवंत आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो हात परत मिटायचा नाही.

२० मार्च, बुधवार

हवालदाराने कालचं पान उतरवून घेतलं. अंगठा द्या म्हणाला. म्हटलं, सही करते. त्या पानात घाव सगळे खरे आहेत, फक्त 'मी' खोटं. जावई काही बोलायचा नाही. एका हाताच्या बायकोने लोळवलं, हे कुठल्या तोंडाने सांगेल?

फौजी दहाला आला. बॅटरी बघितली, आईचं कपाळ बघितलं. "कुठाय तो?" दवाखान्यात, म्हटलं. तुझ्यासाठी काही उरलेलं नाही. माझा सुजलेला खांदा बघितला, मग आईकडे बघत राहिला. बॅटरी पिशवीत टाकली.

चारला पोलिसांची गाडी येणार आहे मला न्यायला. आत्ता लेक जवळ येऊन बसली. म्हणाली, "आई, डावा खांदा भरून आलाय गं."

म्हटलं, पहिल्या दिवशी सगळ्यांनाच होतं. शेक घे.