गंगूच्या लग्नातला दिवा

पाटोदा, माघ वद्य दशमी. दिवेलागण.

“माझं दुसरं लगीन कुनीच बघितलं न्हाई, बाईसाब.” लोणी घेऊन येणारी मेंढरंवाली भागीरथी कितीतरी वर्षांपूर्वी हे सहज बोलून गेली. माझ्या कादंबरीतली गंगू त्या वाक्यातूनच जन्मली. विधवा, मेंढ्यांची लोकर कातरणारी, आपल्याहून लहान सोपानाला भर बाजारात “माझ्याशी पाट लाव” म्हणणारी. तो लाजला, पण हो म्हणाला. आता शेवटचं प्रकरण, तिच्या पाटाचं, आणि हात अडला आहे. विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, अंधारात लागतो, सवाष्णीनं तो पाहायचा नसतो. बाजारात न लाजलेली गंगू तिथं तोंड झाकून बसेल? मी तिच्याजवळ दिवा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला.

दुपारी भागीरथी म्हणाली, येत्या अवसेला तिच्या विधवा लेकीचा पाट आहे. मी विचारलं, “मी येऊ?”

“लिवून लिवून डोस्कं फिरलं व्हय तुमचं! कुकवाच्या बाई तुमी. मालकांचं काय वंगाळ झालं मंजी?” हसत बोलली, मग माझ्या कपाळाकडे बघत लोण्याचं भांडं उचलून निघाली.

मघाशी हे तहसील कचेरीतून आले. पाणी पिताना खोकले. एरवी माझं लक्षही गेलं नसतं. म्हणजे मी भिते? मग गंगूला कोणत्या तोंडानं निर्भय लिहू?

ती नाहीच म्हणेल, तरी उद्या विचारणार: भागीरथी, मी येत नाही. पण लेकीचं तोंड दिसेल एवढा एक दिवा तिच्याजवळ ठेवशील का?