जोड कुणी मारला?

भाईंदर (पश्चिम),
सोमवार

आदरणीय सहादेवदादा,

तुम्हाला आणि वहिनींना उत्तमचा सविनय जयभीम. गुडघा कसा आहे? वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं, फार बरं वाटलं. इकडे सर्व खुशाल आहे, म्हणजे मी आणि गाडी सोडून. फोनच केला असता, पण मी जिंतूरला फोन लावला रे लावला की तुमची बहीण उर्मिला तो हिसकावून स्पीकरवर टाकते. शिवाय छत्तीस वर्षं वायरमनची नोकरी केलीत, पण एकाही माणसाची तोंडी तक्रार घेतली नाहीत, प्रत्येकाला "लेखी द्या" म्हणालात, हे तुम्हीच आम्हाला अभिमानाने सांगता. म्हणून लेखी देतोय. स्पीड पोस्टाने देतोय, कारण तुम्हाला हे रविवारच्या आत मिळायलाच हवं. का, ते पुढे येईलच.

मी मुदतीआधी निवृत्ती घेऊन ही डिझेल व्हॅन घेतली, तेव्हा सगळ्या गोतावळ्यात "घे" म्हणणारे तुम्ही एकटे होता. उर्मिलाने तिच्या उत्तनकडच्या शाळेत शब्द टाकला आणि तिला धरून नऊ शिक्षिकांची ने-आण करायचं काम मला मिळालं. तुम्ही मुद्दाम एवढ्या लांबून आलात, डॅशबोर्डवर बुद्धमूर्ती बसवलीत, तिच्यामागे निळा लाइट लावलात आणि वायरिंग कुणालाही हात लावू न देता स्वतः केलंत. (मला टॉर्च धरायला दिला होतात, तोही दोनदा नीट धरायला सांगून.) तेव्हापासून रोज सकाळी उर्मिला पुढच्या सीटवर बसते, हात जोडते, लाइट लावते आणि मला म्हणते, "चला." सहा महिने गाडी गुणी मुलीसारखी चालली.

गेल्या महिन्यात तिचं बिनसलं. सिग्नलला मी ब्रेकवर पाय ठेवून निमूट बसलेला असतो आणि इंजिन आपलं आपणच चढायला लागतं, मग एकदम इतकं उतरतं की आता गेलं. पुढचा रिक्षावाला मान बाहेर काढून विचारतो, "काका, खाली-पीली रेस कायको देते हो?" आणि शाळेच्या वाटेवरच्या डोंगरीच्या चढावर, जिथे खरोखर रेस हवी, तिथे पेडल पार तळाला टेकवलं तरी गाडी ढिम्म. बंद करून पुन्हा चालू केली की जसं काही झालंच नाही! बरं, रोज होईल तर शपथ. सोमवारी होतं, मंगळवारी नाही, बुधवारी दोनदा. सकाळी चहाचा घोट घेताना माझं लक्ष चहात नसतं, आज काय होणार यात असतं. शिक्षिका ओरडत नाहीत हो दादा, त्या घड्याळाकडे बघतात. (ओरडलेलं परवडतं.) तीनदा शाळेची प्रार्थना चुकल्यावर मुख्याध्यापिका मृणालिनी मॅडमनी मला उर्मिलासमोर सांगितलं, की एक तारखेपर्यंत गाडी सुधारली नाही तर आम्ही दुसरी बघू. एक तारीख पुढच्या बुधवारी आहे. उर्मिला त्यावर काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा काय होतं हे तुम्ही लहानपणापासून जाणता.

मग निदान सुरू झालं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीच्या मते डिझेल भेसळीचं. उत्तनच्या चौक कोळीवाड्यातल्या एका नाखव्याने बोनेटमध्ये डोकं न घालताच सांगितलं, "डिझलात पानी हाय, दुसरं काय न्हाय." फिल्टर बदलला, पाइप बदलले, पाणी काही निघालं नाही. काशीमिऱ्याच्या सूरज मेकॅनिककडे चार फेऱ्या मारल्या. तिथे गाडी अशी शांत उभी राहायची, की सूरज माझ्याकडेच संशयाने बघायचा. "साहब, गाडी मक्खन है, आप टेन्शन मत लो." आता त्याच्या गॅरेजात शिव्यांशिवाय पाना उचलला जात नाही. तथागतांच्या कानावर ते पडू नये म्हणून मी आत शिरण्याआधी लाइट बंद करायचो आणि मूर्तीवर धुतलेला रुमाल टाकायचो. यात काय चुकतंय, हे मला चार फेऱ्यांत कळलं नाही.

शेवटी मी वही केली. तारीख, जागा, चढ, डिझेल किती, गाडीत कोण. पंधरा दिवसांनी वहीतून एकच गोष्ट स्पष्ट निघाली: बिघाडाच्या प्रत्येक वेळी उर्मिला गाडीत होती, आणि ती नसताना गाडीने एकदाही त्रास दिला नाही. हे मी जेवताना शास्त्रीय निष्कर्ष म्हणून मांडलं. (तुम्ही हसताय. मला दोन दिवस माझं ताट मीच वाढून घ्यावं लागलं.)

परवा शनिवारी सूरज स्वतः सकाळच्या फेरीला आला. चढावर गाडी बसली, तसा तो उलटा होऊन डॅशबोर्डखाली शिरला आणि आतूनच ओरडला, "ये जोड किसने मारा?" निळ्या लाइटची वायर पेडलच्या वायरीला पिळून वर हिरवी टेप गुंडाळलेली. पाय किती दाबला हे हल्ली गाडीच्या कॉम्प्युटरला ती वायर सांगते. लाइट तिच्यातूनच वीज ओढायचा, त्यात जोड सैल, खड्ड्यात हलला की कॉम्प्युटरला भलतंच ऐकू जायचं. नऊ शिक्षिका माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "आमच्या मेव्हण्यांनी."

उर्मिला तिथेच म्हणाली, "माझा दादा असला जोड मारणारच नाही. आणि मारला असेल तर तो सांगेल तेव्हाच सोडवायचा, तोवर कुणी हात लावायचा नाही. रविवारी फोन करून विचारते त्याला." लाइट बंद ठेवला की गाडी सुतासारखी चालते, हे आता सगळ्या स्टाफला ठाऊक आहे. पण बंद ठेवला तर जोड तुमचाच हे मान्य केल्यासारखं होतं, म्हणून ती बसल्या बसल्या मुद्दाम लावते. आधी मला दोष दिलात, आता दादाला, एवढं एकच वाक्य ती सध्या माझ्याशी बोलते. दादा, मी तुम्हाला बोल लावत नाही. वय झालं की हात थरथरतो, घाई होते, टॉर्च धरणाराही कदाचित हलला असेल. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
उत्तम

ता. क. रविवारी तिचा फोन आला की एवढंच म्हणा: "हो, तो जोड माझाच, घाईत मारला, सूरजला सोडवून नीट करायला सांग." अर्ध्या तासाचं काम आहे, सोमवारी होऊन जाईल आणि शाळेचं काम हातचं जाणार नाही.

ता. क. २. टॉर्च हलला नव्हता. तुमची वायर सरळ फ्यूज बॉक्सपर्यंत गेली होती, वीतभर अंतरावर क्लिप मारून, देखणी. गेल्या महिन्यात पायाखालची मॅट धुवायला ओढली तेव्हा ती माझ्या हातून तुटली. उर्मिला जिना उतरत होती आणि ती बसायच्या आत लाइट लागायला हवा होता, म्हणून जी वायर हाताला लागली तिला पिळून वर टेप मारली. लाइट लागला! महिनाभर मी स्वतःला अर्धा वायरमन समजत होतो. शनिवारी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण बाहेर तुमचं नाव पडलं. ते रविवारी तुम्ही परत घेऊ नका, एवढीच विनंती. तिच्या मनात तुमच्याबद्दल इतका आदर आहे, की एका जोडापुरता कमी झाला तर तुम्हाला कळणारही नाही. माझ्याबद्दलचा तेवढाच उरलाय.