हात ढिला, नजर पुढं

आबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. आज सकाळी जुन्नरहून निघाले, मोटरसायकलला तुमच्यासारखीच गळाची काठी आडवी बांधली आणि घोडनदीवर आले. गुडघाभर पाण्यात दोन तास उभी होते. लई बरं वाटलं. बरं वाटलं की लगेच तुमचा राग येतो, हे आता नेहमीचंच झालंय. म्हणून काठावर गाडीला टेकून हे लिहायला घेतलंय.

तळेघरात तुम्ही वायरमन, पण जीव दोनच गोष्टींत, गाडी आणि गळ. पुण्याच्या एका पावण्याची मोटरसायकल घाटात बंद पडली होती, ती तुम्ही चालू करून दिलीत. त्यानं खुशीनं आपली काठी तुम्हाला देऊन टाकली, आणि गांडुळाऐवजी गळाला कोंबड्याचं पीस बांधून ते माशीसारखं पाण्यावर कसं टेकवायचं तेही दाखवलं. मग आपल्या कोंबड्याची मान उघडी पडायला लागली आणि आईचा तोंडाचा पट्टा सुरू झाला. पिसं बांधलेले गळ तुम्ही दाढीच्या साबणाच्या डबीत ठेवायचात. रविवारी मला गाडीवर मागं बसवून नदीवर न्यायचात आणि काठी माझ्या हातात द्यायचात. "आवळू नको. हात ढिला, नजर पुढं. पीस हाय तिथं बघू नको, जाणार हाय तिथं बघ." लागलेला मासा तुम्ही परत पाण्यात सोडायचात, आणि घरी आई वाटण वाटून बसलेली असायची.

बारावीनंतर मला मंचरला सायन्सला जायचं होतं. प्रॅक्टिकल सकाळी आठला, आणि आपल्याकडची पहिली एसटी पोचायची दहाला. तुमचे विजेचे खांब भातखाचरांतून डोंगरात गेलेले, तिथं पायीच जावं लागायचं, म्हणून गाडी सोमवार ते शनिवार पडवीत गोणपाट पांघरून उभी. मी चुलीपाशी तुमच्यासमोर बसून म्हटलं, "आबा, गाडी मी नेते. शिकवा मला." तुम्ही भाकरी मोडत राहिलात. "पोरीनं मागं बसावं," म्हणालात. आई तव्यावरची भाकरी उलटायची थांबली. "द्या की वो. नदीवर नेताय तवा न्हाई का लोकं बघत?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "नदीवर लोकं नसत्यात."

ते वाक्य मी अजून गिळू शकलेली नाही. म्हणजे मला गाडी जमेल हे तुम्हाला ठाऊक होतं. फक्त ते कुणी बघायला नको होतं. मी आर्ट्सला गेले, त्याच दहाला पोचणाऱ्या एसटीनं, तीन वर्षं. त्या एसटीच्या खिडकीतून पडवीतली आपली गाडी दिसायची.

चौतिसाव्या वर्षी ऑफिसातल्या मैत्रिणीकडून गाडी शिकले, जुन्नरच्या बाहेर रिकाम्या मैदानावर. पहिल्याच वळणाला ती मागून ओरडली, "अगं हँडल आवळू नको. हात ढिला सोड. चाकाकडं काय बघतीस, जायचंय तिकडं बघ." मी गाडी थांबवली. तिला वाटलं घाबरले. मी संतापले होते, कारण गाडी मला तुम्ही कधीच शिकवून ठेवली होती, पाण्यात उभं करून, आणि तरी चावी दिली नव्हती. लोकांना या दोन हौशी वेगळ्या वाटतात, एक पळायची आणि एक उभं राहायची. मला दोन्हींत तेच मिळतं. हाताला काम असतं, डोकं रिकामं होतं, पुढच्या दहा हातांपलीकडचं काही सुचत नाही, आणि एकटं असल्याबद्दल कुणी जाब विचारत नाही. तुम्हालाही हेच मिळत असणार. मग त्यातलं अर्धं मला देऊन अर्धं गोणपाटाखाली का झाकून ठेवलंत?

हे पत्र कुठं पाठवणार? घडी घालून त्या साबणाच्या डबीत ठेवेन. हो, डबी माझ्याकडे आहे. तुम्ही नाही म्हणालात त्याच दिवशी मी ती उचलली होती. तुम्हाला वाटलं घाटात गाडीवरून पडली. मग तीन रविवार तुम्ही मला मागं बसवून घाट पालथा घातलात. "तुझी नजर चांगली हाय," म्हणायचात, आणि गाडी इतकी हळू चालवायचात की सायकलवाले पुढं जायचे. तुम्ही डावीकडची गटारं बघायचात, मी उजवीकडची. मधेच थांबून करवंदं खायचो. डबी सगळा वेळ माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती, वळणावर तुमच्या पाठीला लागायची. चौथ्या रविवारी तुम्ही म्हणालात, "जाऊ दे, नवे गळ बांधू," आणि गोठ्यामागं जाऊन मी खूप रडले. डबी चोरल्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं, आबा, आजही वाटत नाही. तुम्ही शोधायचं थांबवलंत, त्याचं वाटलं.