पाठमोरा मुराळी

मु. खडकमाळ, ता. अकोले
नागपंचमी, सन १९७३

राजमान्य राजेश्री आबासाहेब यांस खडकमाळहून तुमचा व्याही सूर्यभान याचा हात जोडून रामराम. तुमची तब्येत, विहीनबाई लंकाबाईंचा गुडघा, जावईबापूंचा खोकला आन म्हशीचं पारडू, सगळी बरी आसतील आसं धरून चालतो. एकेकाची चौकशी करत बसलो तर कागद सपंल. इकडं समदे खुशाल. माझी मान तेवढी उजवीकडं वळलेली हाय ती सरळ हुईना, ती का ते खाली येतंच.

गेल्या साली दुष्काळात म्या चांगुणाला पंचमीला आनली न्हाई. लगीन झाल्यावरची तिची पयली पंचमी हुती. हिकडं चाऱ्याची काडी न्हवती, जोडीतला एक बैल छावनीत गेला तो गेलाच, आन पोर म्हनं चार दिस तुमच्या उंबऱ्यात बसून वाट बघत हुती. तवा विहीनबाई म्हनल्या, ज्याच्या घरी आर्धी जोडी त्याचा मुराळी बी आर्ध्या वाटंतनंच माघारी जायचा. (हे मला जावईबापूंनीच सांगितलं. त्यांच्या पोटात काय ऱ्हात न्हाई, गुन हाय तो.) बोलनं खरं हुतं म्हनून लागलं. तवाच ठरवलं, औंदा लेकीला न्यायला सोता मुराळी हून जायाचं, आन सोताच्या गाडीनं जायाचं. कुनाचा बैल मागायचा न्हाई. बैल मागायचा म्हनलं की आदी त्याच्या घरी च्या प्यायचा, मग पाऊसपान्याचं बोलायचं, मग बैलाची तारीफ करायची, मग मागायचं. तेवढ्यात मानूस पायी जाऊन माघारी येतो.

त्यात नगरला भंगाराच्या आड्ड्यावर मला एक ट्रॅक्टर दिसलं, ते घेतलं. ट्रॅक्टर म्हनल्यावर तुमच्या डोळ्यापुढं मोठं लाल धूड आलं आसंल, ते पुसा. हे बंगल्यातलं गवत भादरायचं ट्रॅक्टर. कुन्या सायबाच्या अंगनात चाळीस पावलं जायाचं, चाळीस पावलं यायाचं, एवढाच त्याचा जलम. उंचीला शेळी, आवाजाला रेडा. (गवत खायाला गाय ठेवायची सोडून मशीन ठेवायचं, ही बंगल्याची अक्कल. पन त्यावर हसायचा हक्क म्या आता घालवून बसलोय.) पोटाखालचं पातं काढून टाकलं. मागची चाकं घमेल्याएवढी हुती, ती काढून मोडक्या जीपची दोन बसवली, घाटातले धोंडे पोटाला लागू नयेत म्हनून. पुढची तशीच ठेवली, कारन जीपला दोनच उरली हुती. त्यानं ते म्होरनं वाकून मागनं उभं ऱ्हायलं, डोहावर पानी पिनाऱ्या म्हशीवानी. मग जो तो सांगाया लागला, तात्या, चढाला ह्याचं नाक उचलनार. म्हनून नाकावर आमच्या मंडळीच्या, झुंबरबाईच्या, जात्याची खालची तळी दोरखंडानं आवळली. ती म्हनली, 'पंचमीच्या दिंडाचं पीठ काय तुमच्या डोक्यावर दळू?' म्या म्हनलं, गिरनीतनं आन. मागं जोडायला जुना छकडा कापून गाडा केला, त्यात गादी घातली, गादीवर गोधडी. चांगुणा वर बसून घाट बघत यनार, आसं समदं डोक्यात बसवलं हुतं.

आता माझी अक्कल आयका. मोठ्या चाकांनी जोर कमी पडाया लागला, म्हनून गिरनीवाल्या बन्सीला बोलावलं. इंजनाचा पट्टा गेरपेटीच्या पुलीला जातो, ती पुली मोठी केली की जोर वाढतो, एवढं मला कळतं. बन्सीनं पुली बदलली आन इचारलं, 'तात्या, पट्टा सरळ घालू ना?' म्या म्हनलं, गिरनीला कसा घालतोस? तर म्हनं आढी मारून, आठाच्या आकड्यावानी, म्हंजे निसटत न्हाई. मग तसाच घाल की, इचारत काय बसलास. त्यानं म्होरं तोंड उघडलं हुतं, पन म्या म्हनलं, गप काम कर. त्यानं गप काम केलं. आता पट्ट्याला आढी मारली की दुसरी पुली उलटी फिरती, हे मी सोडून समद्या गावाला ठावं हुतं. गिरनी कुनीकडं बी फिरली तरी मानूस पिठानं पांढरा हुतोच. ट्रॅक्टरचं तसं न्हाई. म्या पयला गेर टाकला आन मागच्या मागं कुडाच्या न्हानीत गेलो. (न्हानीत कुनी न्हवतं, देवाची किरपा.) दुसरा टाकला, तर जास्ती जोरात मागं. तिसरा बी मागंच. म्होरं जायाला एकच गेर उरला, मागं जायाचा, आन त्याची चाल गोगलगायीची.

बन्सी म्हनला, आढी काढली तर पट्टा ढिला पडनार, कापून पुन्यांदा शिवावा लागंल, शिवायची तार संगमनेरातनं आनतो, दोन दिस थांबा. तुमाला मी पंचमीच्या चार दिस आदी यनार म्हनून कळवलं हुतं, आन त्यातले तीन दिस चाकांनी खाल्ले हुते. दोन दिस थांबलो तर पंचमीच गेली. म्या म्हनलं, गाडी राजूरकडं जातीय न्हवं? मग तिचं तोंड कुनीकडं हाय हे बघून मला काय करायचंय.

काल सकाळी निघालो. उलटं जायाचं म्हनल्यावर नाकावरल्या तळीचं काय काम न्हवतं, पन दोरखंड सोडायला आर्धा तास गेला आसता. गादीचा गाडा मातुर घरीच सोडला. ओढायचा गाडा ढकलत न्यायाचा म्हंजे तो प्यालेल्यावानी एकदा हिकडच्या कुपात, एकदा तिकडच्या. मग चांगुणा माघारी बसून यनार कुठं, हे माझ्या ध्यानात घाटाच्या पायथ्याला आलं. तवर मान वळवून सात मैल झाले हुते. घाट मातुर चढलं, खोटं कशाला बोला, बोकडावानी चढलं. निम्म्या घाटात राजूरची यष्टी मागनं आली. मागनं म्हंजे माझ्या म्होरनं. डायवरला वाटलं मी त्याच्या अंगावरच येतोय, त्यानं करकचून ब्रेक मारला. म्या बी थांबलो. सगळी यष्टी खिडक्यांतनं भाईर. कंडक्टर खाली उतरला.

'बाबा, तुमी येताय का जाताय?'

'जातोय.'

'मग तोंड हिकडं का?'

'तुझी तिकिटं फाड की.'

खिडकीतनं एक म्हातारी म्हनली, 'जाऊ द्या रं त्यास्नी. सासुरवाडीला निघालं आसंल, मन व्हत न्हाई.'

घाट सपला, भाताची खाचरं लागली, तुमचं गाव मैलभर ऱ्हायलं. तवाच राजूरकडनं खाली जानारी दुसरी यष्टी माझ्या पाठीकडनं आली, बाजूनं गेली, आन माझ्या डोळ्यांपुढनं लांब जाया लागली. तिच्या मागल्या काचंत चांगुणा. मांडीवर बोचकं. ती माझ्याकडं बघतीय, मी तिच्याकडं बघतोय, तोंडं समोरासमोर, आन दोघं बी लांब लांब चाललोय. आबासाहेब, मी सोतावर लई हसतो, पन तवा हसाया आलं न्हाई. पोर काचंवर हात आपटत हुती. म्या दोन्ही हात वर करून हाका मारल्या. दोन्ही हात वर केल्यावर इस्टेरिंग कोन धरनार? ट्रॅक्टर गुमान रस्ता सोडून खाली खाचरात उतरलं, नुकत्या लावनी झालेल्या भाताच्या मधोमध एक गिरकी मारली आन चाकाच्या आसापत्तुर चिखलात बसलं. सकाळपून तिथं पयल्यांदा त्याचं तोंड तुमच्या गावाकडं झालं.

कमरंपत्तुर चिखल आन लेक तर आदीच गेलेली, तवा मी तुमच्या दारी यनार कोनत्या तोंडानं? घाटात भेटलेली पयली यष्टी राजूरनं माघारी फिरली हुती, तिला हात केला. कंडक्टरनं खालनं वर बघितलं. म्हनला, 'आता येताय का जाताय?' म्या गप तिकीट मागितलं.

घरी आलो तर चांगुणा चिंचंच्या झोक्यावर. म्हनली, 'तात्या, मला वाटलं तुमी माझ्या मागनं येताय, पन तुमी लांबच जायाला लागला.' मग तिनं सांगितलं. माझी तीन दिस वाट बघून विहीनबाईंनी सोता तिचं बोचकं बांधलं, सोताच्या पेटीतलं नवं लुगडं त्यात घातलं, तिला यष्टीत बसवून कंडक्टरला म्हनल्या, 'हिचा मुराळी तू.' आन हिला म्हनल्या, 'पोरी, दुसरी पंचमी मोडाया नगं. बाप तुझा वाटंत कुठंतरी घावंल.' बाईचा अंदाज दोन्ही साली खरा निघाला. त्यास्नी माझा दंडवत सांगा. मी सांगितला म्हनून सांगू नका.

आता ह्यापरीस जास्त लिहायाला मान खाली हुईत न्हाई. लहानथोरास्नी रामराम.

तुमचा व्याही
सूर्यभान

ता. क. चांगुणाला इचारलं, ट्रॅक्टर बसलंय ते वडाखालचं खाचर कुनाचं. म्हनली, आपलंच. आपलं म्हंजे तुमचं. मोडलेली रोपं मी आन झुंबरबाई येऊन लावून देऊ. पन आसं बघा, मुराळी व्याह्याच्या शेतात पोचला म्हंजे दारातच पोचला. कुनी म्हनलं लेक मुराळ्याबिगर गेली, तर त्याला खाचर दाखवा.

ता. क. दुसरा. नाकावरली जात्याची तळी तेवढी सोडून पयल्या यष्टीनं धाडा. झुंबरबाई माझं पत्र सपायची वाट बघत दारात उभी हाय.

ता. क. तिसरा. ट्रॅक्टर काढायला आज भुईला कुदळ लावू नका, पंचमी हाय, नागाला इजा हुईल. उद्या बी नगं, चिखल वला हाय. मुराळ्यानं आनलेली लेक मुराळ्यानंच त्याच गाडीनं पोचवायची, ही रीत तुमी मोडनार न्हाई हे मला ठावं हाय. म्हनून गाडी निघत न्हाई तवर चांगुणा हितंच ऱ्हाईल. भाताच्या कापनीला निघाली तरी चालंल. घाई करू नका.

(हे चांगुणानं मागं उभं ऱ्हाऊन वाचलं. म्हनली, 'तात्या, तुमी आन घाई करू नका?' म्या म्हनलं, तू पाकिटाला डिंक लाव, यष्टी चुकंल.)