मी स्टुलावरून पडलो नव्हतो

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, इस्पितळात वॉर्डबॉय म्हणून सव्वीस वर्षे नोकरी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. गोळीने गुंगी येते, म्हणून गोळीआधीच लिहायला बसलो आहे. डोके ठिकाणावर आहे. उद्या माझ्या मणक्याची तिसरी शस्त्रक्रिया आहे. पुढचे देवाच्या हाती.

१. राहत्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक माझ्या पत्नीची. शिल्लक फार नाही. आधीच्या दोन शस्त्रक्रियांची बिले तिने बांगड्या मोडून आणि शिवणकाम करून भरली.

२. ती बिले आम्ही भरायलाच नको होती. दोन वर्षांपूर्वी एका रुग्णाला खाटेवरून ट्रॉलीवर घेत होतो. आमची रीत अशी, की डोक्याकडच्याने "ब्रेक?" असे विचारायचे, पायाकडच्याने "लावला" म्हणायचे, मग उचलायचे. मी विचारले. पायाकडे वॉर्डातल्या मावशी होत्या. "लावला हो मामा, उचला आता, भुकेने जीव चाललाय," त्या म्हणाल्या. ट्रॉली सरकली. रुग्ण पडू नये म्हणून सगळा भार मी अंगावर घेतला. त्याला खरचटलेही नाही, माझा मणका मात्र गेला.

मावशी कंत्राटी, घरात कमावते दुसरे कोणी नाही. त्यांचे नाव आले तर नोकरी जाईल, म्हणून मी डॉक्टरांना सांगितले, घरी पंखा पुसताना स्टुलावरून पडलो. कागदावर तेच चढले. घरच्या पडण्याचे बिल इस्पितळ देत नाही.

३. गेल्या आठवड्यात मावशी कामावरच्या अपघाताचा अर्ज घेऊन आल्या.

"मामा, लिहा माझं नाव. दोन वर्षं घास उतरत नाही घशाखाली."

"आणि नोकरी?"

"गेली तर गेली. चार घरची भांडी घासीन."

मी अर्ज वाचला. जागा, वेळ, काम, दुखापत. चूक कोणाची, असा रकानाच त्यात नाही. तेव्हा मी तो वाचलाच नव्हता.

"म्हणजे उगाचच?" मावशी म्हणाल्या.

"उगाचच," मी म्हणालो.

अर्ज दिला आहे, पोच पत्नीकडे आहे. मुदत केव्हाच टळली, त्यामुळे मंजूर होईलच असे नाही. रक्कम आली तर तिची. बांगड्या करायच्या की शिलाई मशीन घ्यायचे, हे तिने ठरवावे. कोणी शहाणपण शिकवू नये.

४. माझा कंबरेचा पट्टा वॉर्डाला, ट्रॉलीजवळ टांगायला, द्यावा. नुसते "लावला" ऐकून कोणी उचलू नये, वाकून पाहावे. मी पाहिले नाही, तेवढा दोष माझा.

५. अपघातानंतर थोरले बंधू, म्हणजे दादा, भेटायला आले आणि पत्नीच्या तोंडावर म्हणाले, "बायकोची हौस! पंखा चकाचक, नवऱ्याची कंबर खलास." तिला खरे माहीत होते. माझा शब्द राखायला ती गप्प बसली आणि सगळ्या नात्यागोत्यात नवऱ्याला स्टुलावर चढवणारी ठरली. मीही गप्पच बसलो. देवापुढे रोज हात जोडतो, पण ही गोष्ट त्याच्यापुढेही काढायला धजावलो नाही.

गावच्या जमिनीतला माझा हिस्सा दादांना. अट एकच. हे कलम त्यांनी चार नातेवाइकांत, पत्नीसमोर, मोठ्याने वाचावे आणि तिची माफी मागावी. चिठ्ठी चालणार नाही. तिने माफ केले की नाही, हे अटीत धरू नये. ते तिचे तिने पाहावे.

उद्या शुद्धीवर आलो, तर हे मृत्युपत्र फाडता येईल. पाचवे कलम मात्र दादांना बोलावून मीच वाचीन, आणि पहिली माफी मी मागेन.

ठिकाण: पुरुष वॉर्ड, खाट क्रमांक अकरा
दिनांक: नऊ, मंगळवार, सकाळी साडेआठ

सही: मामा, हजेरी क्रमांक एकशे चार

आमच्यादेखत सही केली:
१. वॉर्डातल्या मावशी
२. वॉर्डाच्या मुख्य सिस्टर