‘बंद पडला’ नव्हे, ‘बंद केला’

६ जुलै, रवि.
काल ऑफिसचं जेवण. ह्या कोरियन कंपनीत दुभाषी होऊन तीन वर्षं झाली, हान बुजांगना त्यांच्या पूर्ण नावाने कधी हाक मारली नाही. बुजांग म्हणजे विभागप्रमुख, म्हणून हुद्दाच नाव. मोठ्यांनी दिलेलं दोन्ही हातांनी घ्यायचं, पिताना तोंड वळवायचं, सगळं पाळते. दारू नाही. त्यांनी बाटली उचलली, मी ग्लासवर तळहात ठेवला. मग ते हसले आणि बार्लीचा चहा ओतला. त्यांनीही दोन्ही हातांनी.
सांगलीला आईला सांगितलं. “नोकरी जाईल हां, नीलू.” गेली नाही.

८ जुलै, मंगळ.
इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात पोचल्यापासून कटकट. पत्रा दाबायचा प्रेस नं. ४ सारखा थांबतोय. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर, तो उगाचच लाल होतो. हान बुजांग ‘पाली-पाली’ करत फेऱ्या मारतायत. लवकर, लवकर. दुपारी म्हणाले, “सेन्सर बंद करा. आजच्यापुरता.”
मी लाइन लीडरला तमिळमध्ये सांगितलं. त्याने चावी फिरवली.
टार्गेट पूर्ण. सगळे खूश. मीपण.

१० जुलै, गुरु.
सेल्वी. चार नंबरवरची. माझ्या तमिळला खो खो हसते ती. उजव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली.
सेन्सर अजून बंदच होता. आजच्यापुरता म्हणाले होते ना...
हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये हान बुजांग सेल्वीच्या आईसमोर कमरेत वाकले. पार काटकोनात. वर येईचनात. ती बिचारी दोन पावलं मागे सरली. मला विचारते, “ह्यांना काय हवंय?”
“माफी मागतायत.”
“कशाची?”
मी तिला बाकावर बसवलं, पाणी आणायला गेले. त्यांचं ‘सेन्सर बंद करा’ माझ्याच तोंडून गेलं होतं.

११ जुलै, शुक्र.
सेल्वीचा जबाब घेतला. डावा अंगठा उठवला तिने. कोरियात मुख्य ऑफिसला पाठवायचं भाषांतर माझ्याकडे. ती म्हणते, सेन्सर बंद केला होता. तसंच लिहिलं.
हान बुजांगनी वाचलं, पेनाने एका शब्दाखाली रेघ. “‘बंद पडला होता’ असं लिहा.”
“ती तसं म्हणाली नाही.”
“एकच शब्द आहे, नीलिमा-शी.” ‘शी’ म्हणजे आपलं ‘जी’.
एकच. पडला म्हटलं की मशीनचा दोष, मग ‘बघून काम का नाही केलं’ म्हणून सेल्वीचा. केला म्हटलं की कोणीतरी केला.
“तुम्हाला नुन्ची नाही,” म्हणाले. समोरच्याच्या मनातलं न बोलता ओळखणं, ते. त्यांच्याकडे ह्याहून मोठी शिवी मी ऐकली नाही.
म्हटलं, “आहे. म्हणून तर बदलत नाही.”
कागद दोन्ही हातांनी परत घेतला.

१३ जुलै, रवि.
पद्माबाईंना सगळं सांगितलं. घरमालकीण, तंजावरच्या. त्यांची मराठी तीनशे वर्षांपूर्वीची, वर तमिळची फोडणी. ऐकून घेतलं, इडली वाढली, म्हणाल्या, “तूंहि सांगितलेंस ना बंद करावयास? मग तेंहि लिही, मा.”
मी नुसती हान बुजांगवर चिडून बसले होते.
दुपारी हान बुजांगचा फोन. बायकोने आजाऱ्यासाठी भाताची पेज केलीय, सेल्वीला नेऊन द्याल का?
“तुम्हीच चला हॉस्पिटलला,” म्हटलं.
आले. डबा दोन्ही हातांनी पुढे धरला. सेल्वीने डाव्या हाताने चमचा घेतला, म्हणाली, “आमच्या कंजीसारखीच आहे, मीठ कमी.” सांगितलं. ते हसले. मग ती म्हणाली, “सर, सेन्सर कोणी बंद केला?”
त्यांनी माझ्याकडे बघितलं. गाळता आलं असतं. एक शब्दही गाळला नाही.
ते वाकून डब्याचं झाकण शोधायला लागले. तिने पेज संपवली.

१४ जुलै, सोम.
भाषांतर पाठवलं. ‘केला’. खाली माझी वेगळी नोंद: मंगळवारी हुकूम हान बुजांगनी दिला, तमिळमध्ये मी पोचवला, तीन दिवसांत परत चालू करायची आठवण मीही केली नाही. सही.
आधी त्यांना दाखवली. वाचून परत दिली. अडवलं नाही. पाठवा असंही म्हणाले नाहीत.

१५ जुलै, मंगळ.
एचआरने बोलावलं. तुमचा करार सप्टेंबरला संपतोय, नोंद मागे घ्या, ‘सगळ्यांच्या सोयीचा’ विचार करा. विचार केला. नाही म्हटलं. कॅन्टीनमध्ये कोरियन टेबलावर माझ्या शेजारची खुर्ची रिकामी. किमची मात्र नेहमीसारखी सरकवली कोणीतरी. खाल्ली. का नाही खायची?

१७ जुलै, गुरु. जेवणाची सुट्टी.
सकाळी मुख्य ऑफिसचा व्हिडिओ कॉल. सेल्वी आली होती, हात गळ्यात बांधलेला. स्क्रीनवर त्यांनी नेमलेली नवी दुभाषी. मला सांगितलं, बाहेर थांबा.
उठले नाही.
परत सांगितलं. सेल्वी म्हणाली, “अक्का इरुक्कट्टुम.” अक्का राहू दे. स्क्रीनवरच्या बाईने ते सोडून दिलं. मग मीच कोरियनमध्ये सांगितलं, मोठ्याने, बसल्या जागेवरून.
पलीकडून वरच्या साहेबांनी विचारलं, “हान बुजांग, ह्या नोंदीतलं खरं आहे का?”
नव्या बाईने ते सेल्वीसाठी तमिळमध्ये केलं. बरोबर केलं. मी कान देऊन ऐकलं.
हान बुजांग खुर्चीतून उठले, कोटाचं बटण लावलं. बोलायला तोंड उघडलं आणि कॉल तुटला.
दोन वाजता पुन्हा जोडतायत. ते मीटिंग रूममध्ये एकटेच बसलेत, जेवायला आले नाहीत. सेल्वी माझ्या ताटातला भात डाव्या हाताने कालवतेय. पावणेदोन झाले. तिला म्हटलं, सावकाश खा, आपल्या दोघींशिवाय सुरू होणार नाही.